साक्षीदारांची ने-आण

समोरच्याचं बोलणं संपलं की काका उजव्या हाताचा तळवा टेबलापासून दोन बोटं वर उचलत आणि थांबत. चार-पाच सेकंद. मग उत्तर देत. ‘काका, चहा घेणार?’ या प्रश्नालाही हाच नियम. नवीन माणसाला वाटायचं, यांना कमी ऐकू येतं. कान शाबूत होते. ते युरोपातल्या ज्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात एकोणीस वर्षं नोकरीला होते, तिथे युद्धगुन्ह्यांचे खटले चालत. एकाचं वाक्य तीन भाषांतून फिरून दुसऱ्याच्या हेडफोनमध्ये पोचायचं, आणि ते पोचण्याआधी कोणी तोंड उघडलं की दुभाष्यांच्या काचेच्या खोलीत लाल दिवा लागायचा. निवृत्तीनंतर दिवा सुटला, सवय राहिली.

‘पोचू दे,’ ते म्हणत. ‘घाई कसली?’

तुम्ही अमेरिकेतल्या चँडलरच्या आमच्या मंडळाच्या गणपतीला कधी आला असाल, तर तुम्ही त्यांना पाहिलं आहे. शाळेच्या भाड्याने घेतलेल्या सभागृहाच्या दाराशी, मांडीवर कागदाचा तक्ता घेऊन बसलेले. इथे येणाऱ्या आजी-आजोबांना गाडी चालवता येत नाही, आणि चालत जावं असं काही जवळ नसतं. कोणाला कोण आणणार याची यादी करावी लागते. ती काका करत. तरुण मंडळी उत्साहाने नावं द्यायची. काका तक्त्याचा दुसरा रकाना पुढे सरकवत. ‘आणणारे पुष्कळ मिळतात. परत कोण नेणार ते लिही.’

‘ते आरतीनंतर मॅनेज करू ना काका. कोणीतरी असेलच यार.’

तळवा वर. चार सेकंद. ‘कोणीतरी म्हणजे कोण?’

मला त्यांचा मत्सर वाटत असे. हे आधीच नोंदवतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही तेवढी वजावट करून वाचाल. मी नागपुरात एका दैनिकासाठी अकरा वर्षं न्यायालयांच्या बातम्या दिल्या. बायकोला इथे चिप बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली म्हणून आलो आणि सध्या घरी बसून दुसऱ्यांची कागदपत्रं दुरुस्त करतो. अकरा वर्षांत मी ज्या खटल्यांवर लिहिलं ते जमिनीचे, हुंड्याचे, बनावट खतांचे. आणि मुंबईत विमानाची तिकिटं फाडणारा एक माणूस जाहिरात वाचून अर्ज करतो, आणि ज्या खटल्यांचा इतिहास होतो त्या दालनाच्या मागच्या दाराशी एकोणीस वर्षं उभा राहतो. त्यांनी एकही निकालपत्र वाचलेलं नव्हतं. ‘माझं काम ने-आण,’ ते म्हणत.

मंडळाच्या अंकासाठी मी त्यांना सहा वेळा मुलाखत मागितली. सहाही वेळा त्यांनी चहा दिला.

जे सांगत ते सगळं ने-आणीचंच. साक्षीदार डोंगरातल्या गावाचा, त्याच्याकडे पासपोर्ट नाही, पासपोर्टला जन्मतारीख लागते, आणि जन्माची नोंद ज्या कचेरीत होती ती कचेरी जळालेली. ती कोणी जाळली हाच खटला. तिकिटावर खरं नाव लागतं, न्यायालयात नाव उच्चारायचं नाही, नुसता क्रमांक. म्हणून विमानतळावर नावाची पाटी धरून उभं राहता येत नाही. मग ओळखायचं कसं?

‘सुरुवातीला सोपं होतं,’ काका म्हणाले. ‘सगळ्यांच्या अंगावर एकच कोट. निळा, जाड, टोपीवाला. गरीब माणसं, थंडीचं काही नसायचं, तर तिकडच्या ऑफिसने घाऊक घेऊन ठेवलेले. मी लांबून ओळखायचो. सहा महिन्यांनी डोक्यात आलं, मी ओळखतो म्हणजे कोणीही ओळखेल.’

‘मग?’

‘मग काय? खरेदी विभागाशी भांडण. ते म्हणाले, वेगवेगळे कोट घ्यायचे तर प्रत्येकाचं वेगळं टेंडर. दोन हिवाळे गेले त्यात.’

एक बाई गाय दुधावर आहे म्हणून यायला तयार नव्हत्या. शेजारणीला दूध काढायला ठेवावं लागलं, आणि त्या मंजुरीच्या फॉर्ममध्ये गायीसाठी रकाना नव्हता. काकांनी तिला ‘अवलंबून असलेली व्यक्ती’ या सदरात घातलं. वय विचारलं होतं. वय लिहिलं, सहा. वरून पत्र आलं, एवढ्या लहान मुलीला घरी एकटं कसं ठेवलं?

हे सांगताना ते मनापासून हसले. मीही हसलो, आणि घरी येऊन वहीत लिहून घेतलं. मग लक्षात आलं, बाई कशाची साक्ष द्यायला आल्या होत्या ते त्यांनी सांगितलंच नाही.

एकदा मात्र ते थोडे पुढे गेले. फिर्यादी आणि बचाव, दोन्ही बाजूंचे साक्षीदार एकाच गावचे असत, आणि त्यांना शहरात एकमेकांसमोर येऊ द्यायचं नसे. वेगळी हॉटेलं, वेगळ्या गाड्या, नाश्त्याच्या वेगळ्या वेळा. हे सगळं बसवायचं आणि ऐन वेळी आरोपीची दाढ दुखायची. सुनावणी पुढे. ‘एका बाईंना आम्ही दोनदा आणलं. दोन्ही वेळा हॉटेलात बसून, साक्ष न देता परत. दुसऱ्या वेळी नऊ दिवस. तिसऱ्या वेळी मी गावापर्यंत गाडी पाठवली.’ ते थांबले. ‘गाडी रिकामी आली.’

‘का? काय झालं त्यांना?’

तळवा वर गेला. मी चार सेकंद मोजले, पाच, दहा. त्यांनी कप उचलून सिंकमध्ये ठेवला.

ही माझी बातमी होती. समोर होती आणि मला मिळत नव्हती.

आता आईबद्दल. माझी आई नागपूरला असते, वय चौऱ्याहत्तर, हिवाळ्यात सहा महिने आमच्याकडे येते. गेल्या फेब्रुवारीत एका सकाळी ती कॉलनीत फिरायला गेली असताना तिच्यासमोर अपघात झाला. कडेची झुडपं कापणाऱ्या एका माणसाला गाडीने उडवलं. त्याच्या पायाची दोन हाडं मोडली. गाडी चालवणारी आमचीच शेजारीण, मंडळातली. आई तिच्याकडे भजनाला जात असे. शेजारीण पोलिसांना म्हणाली, तो माणूस अचानक रस्त्यात आला. दुसरं कोणी तिथे नव्हतं. फक्त आई.

मी धावत पोचलो तेव्हा पोलीस अधिकारी वही काढून उभा होता. त्याने विचारलं, मी आईला मराठीत विचारलं. आई बोलायला लागली. चष्म्याचं काहीतरी, उन्हाचं काहीतरी, असं वाटलं, तसं नसेलही. मी अकरा वर्षं लोकांच्या बोलण्यातून एक ओळ काढायचं काम केलेलं आहे. मी एक ओळ काढली. ‘तिला नीट दिसलं नाही.’ अधिकाऱ्याने लिहून घेतली.

तीन आठवड्यांनी त्या जखमी माणसाच्या वकिलाचं पत्र आलं. आईची साक्ष हवी होती. खटला उभा राहण्याआधी वकिलाच्या ऑफिसात शपथेवर घेतात ती. आई एप्रिलमध्ये परत जाणार होती, त्याआधी. तिच्याशिवाय त्या माणसाकडे काही नव्हतं. साक्ष नाही तर भरपाई नाही, आणि पायाची पुढची शस्त्रक्रियाही नाही.

आई म्हणाली, ‘मला काही दिसलं नाही.’

मी डायनिंग टेबलाशी बसवून तिला विचारलं. सरळ विचारलं, आडून विचारलं, वेळेचा क्रम लावून विचारलं. मंत्र्यांना बोलतं केलेलं आहे मी.

‘काहून छळतो रे? दिसलं नाही म्हटलं नं.’

त्याच दिवसांत ती सकाळी काकांबरोबर बसू लागली. कॉलनीत एक खोटं तळं आहे, त्याच्याकाठी बाक आहे, आणि तो आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो. काका दोन गल्ल्या पलीकडे मुलाकडे राहत. रोज साडेसातला दोघं बाकावर. रोज चाळीस मिनिटं. ती त्यांना भाऊ म्हणे, ते तिला ताई. खिडकीतून आवाज येत नसे, पण मधूनच ती मान हलवताना दिसे. एकदा तिने पदर डोळ्यांना लावला. मी हातात डिशवॉशरमधली ताटली घेऊन उभा होतो. आईने माझ्यासमोर डोळे पुसले त्याला किती वर्षं झाली, ते मला आठवेना.

मी काकांना गाठलं. ‘काय पाहिलं तिने?’

‘मला माहीत नाही.’

‘काका, ती रोज तुमच्याशी बोलते.’

‘हो.’

‘मग?’

‘मला माहीत नाही.’

माझा विश्वास बसला नाही. मनात आलं, या माणसाला एकोणीस वर्षांची गुपितं पुरली नाहीत, आता माझ्या घरातलंही एक हवं आहे.

त्यानंतरच्या रविवारी ते कागद घेऊन आमच्याकडे आले. कागदावर यादी होती. दुभाष्या कोणत्या भाषेचा? मी म्हटलं, हिंदीचा ठरलाय, आईला हिंदी येते.

‘सिरियल बघण्याइतकी की शपथेवर बोलण्याइतकी?’

खोलीत एसी किती असतो? शाल घ्या. खुर्ची खिडकीकडे तोंड करून नको. शेजारीण हजर राहणार का? तिला तो हक्क आहे, राहू दे, पण दोघींना एकाच प्रतीक्षागृहात बसवू नका. दुसरं दार आहे का विचारा. दर तासाला दहा मिनिटं सुट्टी मागा, त्या स्वतःहून मागणार नाहीत.

मी वकिलाच्या ऑफिसला फोन केला. फोनवरची मुलगी हसली. साधा कार अपघात आहे हो, ती म्हणाली. मला कानकोंडं झालं. काकांना सांगितलं.

‘युद्ध असो नाही तर गाडी,’ ते म्हणाले, ‘समोर बसलेला माणूस ओळखीचाच असतो. ताईंनी शेजारणीकडचा प्रसाद खाल्लाय.’

मग त्यांनी कागदाची घडी घातली. ‘एक विचारू? त्या दिवशी पोलिसांशी इंग्रजीत कोण बोललं?’

‘मी.’

‘ताई किती वेळ बोलल्या?’

‘असेल मिनिट-दीड मिनिट.’

‘आणि तुम्ही?’

घरात तेव्हा मुलगी पियानोची प्रॅक्टिस करत होती. एकच ओळ पुन्हा पुन्हा.

‘आमच्याकडे असं व्हायचं,’ काका म्हणाले. आवाजात दोष देणं नव्हतं, हे मला आजही सहन होत नाही. ‘हुशार दुभाषे करायचे. साक्षीदार अडखळतो, ते बिचारे वाक्य नीट करून देतात. ताईंनी काय पाहिलं ते मी ऐकलेलं नाही. ऐकायचं नसतं. पण त्या का येत नाहीत ते सांगतो, कारण त्याचा बंदोबस्त तुम्हालाच करावा लागेल. तुम्ही पोलिसांना सांगितलंत की दिसलं नाही. आता त्या दिसलं म्हणाल्या तर तुम्ही खोटे पडता. मुलाचं ग्रीन कार्ड अडलं तर, असं त्यांच्या डोक्यात आहे.’

हे तिने मला सांगितलं नव्हतं. त्यांना सांगितलं होतं.

सोमवारी मी वकिलाला फोन करून सांगितलं की पोलिसांच्या अहवालातलं वाक्य माझं आहे, आईचं नाही. ग्रीन कार्डाचंही विचारलं. तो म्हणाला, भाषांतर चुकलं म्हणून कोणी कोणाचं कार्ड अडवत नाही. आईला हे मी दोनदा समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी बाकावर जाऊन काकांना विचारून आली. मग म्हणाली, ‘जाऊ.’

साक्षीच्या दिवशी सकाळी नऊला काका आमच्या दाराशी हजर होते. इस्त्रीचा शर्ट, हातात थर्मास. त्यांनी आईला चष्मा काढायला लावला, स्वतःच्या रुमालाने पुसून दिला. दुभाषी मराठीची मिळाली होती, दुसऱ्या राज्यातून, पडद्यावर. मला आत बसू देणार नाहीत, असं मला वाटत होतं. तसंच झालं. काकांनी आत जायचं नावच काढलं नाही. अडीच तास आम्ही दोघं पार्किंगमधल्या एकमेव झाडाच्या विरळ सावलीत गाडीत बसलो. एका शब्दानेही ते त्या खोलीबद्दल बोलले नाहीत. मी तीन वेळा फोन पाहिला, त्यांनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

‘तुम्हाला कधी वाटलं नाही आत काय चाललंय ते ऐकावं?’ मी विचारलं.

‘वाटायचं की,’ ते म्हणाले. ‘पण मी ऐकत बसलो तर गाडी कोण दाराशी लावणार?’

आई बाहेर आली. घामेजली होती, पण चालणं सरळ होतं. त्यांनी काही विचारलं नाही. थर्मासमधला चहा कपात ओतला. आईने तो उभ्यानेच प्यायला आणि म्हणाली, ‘भाऊ, साखर कमी आहे.’

साक्षीची टंकलिखित प्रत महिन्याने आली. आई तेव्हा नागपूरला पोचली होती. उतरल्यावर तिने ‘पोचले’ असा मेसेज आधी काकांना केला, मग मला. मधे सात मिनिटं होती. मी एकशे बारा पानं एका बैठकीत वाचली. जे तिने रस्त्यात उभं राहून मला सांगितलं होतं, तेच त्यात होतं. चष्मा पुसत होते, पण पुसून झाला होता, गाडी वळली तेव्हा डोळ्यांवर होता. तो माणूस कडेला होता, पाठमोरा. गाडी कडेला चढली. बाईची मान खाली होती, मांडीवर काहीतरी बघत असावी असं वाटलं, काय ते दिसलं नाही. सगळं अडखळत, सगळं खरं. आणि मी सबंध प्रतीत दोन ठिकाणी होतो. नाव नाही. ‘मुलगा’.

सत्तरीच्या पुढच्या कुठल्याशा पानावर शेजारणीच्या वकिलाने विचारलं होतं, तुम्ही काय पाहिलं याबद्दल कोणाशी बोललात? कोणी शिकवलं?

उत्तर: नाही. एक गृहस्थ रोज माझ्याजवळ बसत. ते मला ते सांगूच देत नसत.

प्रश्न: मग रोज काय बोलायचात?

उत्तर: मी नाही. ते बोलत.

मी ते पान पुन्हा वाचलं. मला चहा दिला होता, सहा वेळा. तिला चाळीस-चाळीस मिनिटं, पाच आठवडे.

प्रकरण कोर्टात गेलं नाही, आधीच मिटलं. त्या माणसाच्या पायाची शस्त्रक्रिया झाली असं वकिलाने कळवलं. शेजारीण आता फिरायला संध्याकाळी जाते. मी काकांना पुन्हा मुलाखत मागितली नाही. रागाने नाही. रागानेच, पण ते त्यांना कळू नये इतपत.

जुलैमध्ये ते गेले. पहाटे, झोपेत, हृदयाने. दाहसंस्काराला आम्ही वीस-बावीस जण होतो, सगळे कॉलनीतले आणि मंडळातले. जिथे त्यांनी आयुष्य काढलं तिथलं कोणी नव्हतं. मुलाला विचारलं, कोणाला कळवायचं आहे का? तो म्हणाला, ‘आय डोन्ट हॅव अ सिंगल नंबर. बाबांनी ठेवलेच नाहीत.’ अंकासाठी चार ओळी लिहायला मी बसलो. निळे कोट होते, गाय होती. मधलं सगळं कोरं.

आईला व्हिडिओवर सांगितलं. तिच्याकडे सकाळ होती, मागे कुकर ठेवलेला दिसत होता. मग प्रश्न सुरू झाले.

‘एवढ्या उन्हात लोकांना बाहेर उभं ठेवलं का?’

‘नाही, आत बसायला होतं.’

‘पाणी?’

‘होतं.’

‘त्यांची सून एकटी आहे का घरी?’

‘तिची बहीण आलीय एडिसनहून.’

‘किती दिवस?’

मी सांगत गेलो. मग विचारलं. पाच महिने थांबलो होतो. ‘आई, त्या बाकावर ते तुला काय सांगायचे?’

तिने माझ्याकडे पाहिलं.

‘ती बाई होती ना, जिच्यासाठी गाडी पाठवली आणि रिकामी आली, तिचं का?’

‘तुला ठाऊक आहे तिचं?’

‘एवढंच.’

‘मग तेवढंच.’

‘आई, ते आता नाहीत. कुठे लिहून ठेवलेलं नाही. तुझ्याशिवाय कोणालाही माहीत नाही.’

‘हो नं,’ ती म्हणाली.

नकार कसे असतात ते मला कळतं. काहींना वेळ हवा असतो, काहींना किंमत, काही फक्त दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघतात. हा त्यातला नव्हता.

‘थांब, गॅस बघून येते,’ ती म्हणाली आणि फोन ओट्यावर उताणा ठेवला. पडद्यावर छत आलं आणि त्यावरचा पंखा, संथ फिरणारा. शिट्टी झाली नव्हती, कुकर उतरवल्याचा आवाज आला नाही. नळ सुरू झाला आणि बराच वेळ सुरू राहिला. ती तोंड धूत असेल, किंवा भांडी. पंख्याच्या एका पात्यावर धूळ जास्त होती. मी फोन बंद केला नाही.